दोघांनी उचलायचं लोखंड

आंगणे काका जिना चढायचे ते कठडा वाजवत. उजव्या हातात घराची किल्ली आणि दर चौथ्या गजावर तिचा एक हलका टोला. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही दुसऱ्या. आमच्या दारासमोरच्या एका गजावर मात्र ते दोन टोले द्यायचे, मान तिरकी करून थांबायचे आणि मग पुढे जायचे. एकदा मी दारातच उभी होते, तर म्हणाले, "वैशाली, ह्याच्या बुडात पाणी गेलंय. कमिटीला सांग." मी कमिटीला सांगितलं. कमिटीने वहीत लिहून घेतलं. दोन महिन्यांनी कुरियरवाल्याच्या हातात तो गज बुडासकट आला, आणि आता हा ठेवायचा कुठे म्हणून तो बिचारा आमची बेल वाजवत उभा राहिला.

तेव्हापासून भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीत लोखंडाची कुठलीही गोष्ट काकांना दाखवल्याशिवाय होत नसे. काका जाऊन आता दोन वर्षं होतील. कठडाही नवा आलाय, चकचकीत स्टीलचा. त्याच्या कुठल्याही गजावर टोला दिला तरी एकच आवाज येतो. मी देऊन पाहिलाय, खोटं कशाला बोलू.

काका रेल्वेत चावीवाले होते. हा शब्द मला त्यांच्यामुळेच कळला. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरीला चावी म्हणतात. गाड्यांच्या धक्क्याने ती हळूहळू सैल होते. चावीवाल्याने रोज सकाळी हातोडी खांद्यावर टाकून आपल्या वाट्याचे पाच-सहा किलोमीटर चालायचं, सैल झालेली चावी ठोकून बसवायची आणि रुळाला कुठे चीर गेलीय का ते बघायचं. बघायचं म्हणजे बरंचसं ऐकायचं. पुढे चाव्या जाऊन वळवलेल्या सळीच्या क्लिपा आल्या, पण नाव तेच राहिलं आणि काकांची ठोकायची सवयही तीच राहिली. आमच्या घरी चहाला आले की गप्पा मारता मारता त्यांचं बोट टेबलाच्या पायावर वाजत असायचं. गॅसचा सिलिंडर आला की तो वाजवून घ्यायचे. माझ्या मुलीच्या सायकलचे आरे तर त्यांनी तंबोरा लावावा तसे लावून दिले होते.

चालणंही तसंच. जन्मभर रुळांखालच्या स्लीपरवर पाय टाकल्यामुळे त्यांचं पाऊल ठरल्या मापाचं पडायचं, ना लांब ना आखूड. भाजी आणायला निघाले तरी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करूनच चालायचे. काकू त्यांच्यामागे दहा पावलांवर. "ह्यांच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे मालगाडीचा हात धरायचा," असं त्या म्हणायच्या. त्यांचं नाव सुशीला, पण आख्ख्या बिल्डिंगला त्या नुसत्या काकू.

काकांच्या घरात एकसंध म्हणावी अशी वस्तू नव्हती. खुर्चीचे तीन पाय एका लाकडाचे, चौथा दुसऱ्या. शर्टाची कॉलर विरली की काकूंकडून ती उसवून उलटी शिवून घ्यायचे. गॅलरीत एक जुना टायर, रापी, चुका आणि सरसाचा डबा. तिथे बसून चपलांचे तळ बदलायचे. "झिजलंय तेवढं बदलायचं. बाकीच्यानं काय पाप केलंय?" हे त्यांचं पालुपद. त्यावर काकूंचं ठरलेलं उत्तर असे, "मग माझे गुडघे तेवढे बदला." आणि एक दिवस खरंच काकूंचे गुडघे बदलायची वेळ आली.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं हाड टेबलावर ठेवून सगळं समजावलं. काकू भेदरलेल्या. काका मात्र खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. "म्हणजे हाड तेच ठेवता? वर नुसती टोपी बसवता?" डॉक्टर हो म्हणाले. "ही टोपी हलत कशी नाही?" डॉक्टर तरुण आणि हौशी होते, त्यांनी ते प्लॅस्टिकचं हाड उघडून दाखवलं. काकांनी खिशातून चष्मा काढला. "अर्धा तास," काकू पुढे कितीतरी दिवस सांगायच्या, "अर्धा तास हे माझ्या गुडघ्याबद्दल बोलत होते आणि त्यात मी कुठेच नव्हते."

काकू घरी आल्या, वॉकर धरून चालायला लागल्या, आणि त्याच आठवड्यात एका रविवारी काका कॅलेंडरची जुनी पानं घेऊन आमच्याकडे आले. मी मीरा रोडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायचं काम करते. काका म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरात रूळ मावेल का?"

"मावेल की. किती लांब?"

"लांबीचं नंतर बघू. आधी आडवा कापलेला काढ."

पानाच्या मागे पेन्सिलीने त्यांनी रुळाचा छेद काढला होता. रेघ थरथरलेली, पण माप चोख. रुळालाही पाय असतो, मान असते आणि डोकं असतं, असं त्यांनी मला शिकवलं. चाक फिरतं ते डोक्यावरून, म्हणून झिजतं ते डोकंच. वळणावर तर बाहेरच्या रुळाच्या डोक्याची एकच बाजू झिजते. पाय चांगला, मान चांगली, पण डोकं बोटभर झिजलं म्हणून आख्खा रूळ काढून टाकायचा आणि त्याच्या जागी सातशे किलोच्या आसपासचा नवा आणायचा, हे काकांच्या मनाला कधीच पटलं नव्हतं. त्यांच्या रुळात पाय आणि मान कायमची जागेवर. डोकं म्हणजे वेगळी टोपी. सहा-सहा फुटांचे तुकडे मानेवर बसवायचे आणि दोन्ही अंगांनी चाव्या ठोकून आवळायचे. झिजली टोपी की चावी काढा, टोपी बदला.

मी हुशारी दाखवायला गेले. "काका, तीन फुटांचे तुकडे केले तर? एका माणसाला उचलता येईल."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "एकट्याला उचलता येईल एवढं हलकं केलं ना, तर एकट्यालाच पाठवतील. दोन माणसं लागली पाहिजेत."

"मग जास्त लांब करूया. चौघं उचलतील."

"नको. दोघं एकमेकांकडे बघून उचलतात. जास्त झाले की हाक द्यावी लागते."

मला त्यातलं काही कळलं नाही. मी मुकाट्याने सहा फूट टाकलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, 'झिजलेला भाग बदलता येणारा रूळ', आणि खाली त्यांची सही घेतली. सही करायच्या आधी ते हात धुऊन आले होते.

ते ड्रॉइंग आम्ही रेल्वेच्या एका मोठ्या कचेरीत पाठवलं. उत्तर येणार नाही असं मी धरून चालले होते, पण बऱ्याच महिन्यांनी आलं. दोन पानी, सभ्य. कुणा इंजिनिअरने मन लावून वाचलेलं दिसत होतं. वेगात जाणाऱ्या गाडीखाली डोकं आणि मान यांच्यामधली फट आज ना उद्या उघडणार, तिच्यात पाणी जाणार. शिवाय आता रूळ एकमेकांना जोडून मैलभर लांब करतात ते सांधे कमी व्हावेत म्हणून, आणि ह्या रचनेत तर दर सहा फुटांवर नवा सांधा येतो. अशी कल्पना पूर्वीही कुठे कुठे करून पाहिली होती, टिकली नाही. शेवटी त्यांनी काकांच्या अनुभवाबद्दल आदर व्यक्त केला होता.

मी संतापले. काकांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय त्यानं. मी जन्मभर सांध्यांशी भांडलो आणि म्हातारपणी सांधेच वाढवून ठेवले." ते हसलेसुद्धा. पण त्यानंतर आठ दिवस जिना वाजला नाही. किल्ली खिशात घालून ते गुपचूप वर जायचे. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहायचे आणि मला रडू यायचं.

त्याच दिवसांत काकूंनी मला रावजींबद्दल सांगितलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी काका घोडबंदर रोडच्या बसने चेण्याला जायचे, हे मला माहीत होतं. कापडी पिशवी घेऊन जायचे आणि वांगी, दुधी, चवळीच्या शेंगा घेऊन परतायचे. मला वाटायचं, ताज्या भाजीसाठी जातात. काकू म्हणाल्या, "आणतात काय ते बघतेस. नेतात काय ते कधी विचारलंस?" ते एक चप्पल न्यायचे. डाव्या पायाची.

एके काळी काका मुकादम होते. सोळा माणसं चिमट्यांनी रूळ उचलायची. मुकादम उचलत नाही, तो हाक देतो. एका हाकेला सगळ्यांनी उचलायचं, एका हाकेला सगळ्यांनी टेकवायचं. सोळा जणांची नजर आपापल्या चिमट्यावर असते, म्हणून सगळा भार त्या हाकेवर. त्या दिवशी काकांनी 'टेकव' म्हटलं ते क्षणभर आधी. पंधरा जणांचे पाय मागे होते. रावजी पाटलांचा डावा पाय अजून खाली होता. बोटांसकट पुढचा अर्धा पाय गेला.

कुणी काकांना दोष दिला नाही. चौकशीत अपघात म्हणून नोंद झाली. रावजींना फाटकावर बसायचं काम मिळालं. पण काकांनी स्वतःहून अर्ज केला, मला मुकादमी नको, चावी द्या. "लोक वर चढायला अर्ज करतात गं. ह्यांनी खाली उतरायला केला," काकू म्हणाल्या. "चावीवाला एकटा चालतो ना. कुणाला हाक द्यावी लागत नाही." रावजींच्या चपलेत पुढे बोटांच्या जागी रबराचा भराव लागतो, तो महिन्याभरात दबतो. काका भराव बदललेली चप्पल नेतात, दबलेली परत आणतात. रावजी ओट्यावर बसतात, काका खाली. वांग्यांवरच्या किडीबद्दल बोलतात, पावसाबद्दल बोलतात. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. "आणि तेव्हापासून," काकू म्हणाल्या, "दुसऱ्या माणसाबरोबर ह्यांनी काही उचललेलं मी पाहिलं नाही. कपाट सरकवायचं असलं तरी एकटे ढकलत बसतात."

मी घरी येऊन कॉम्प्युटर उघडला आणि ते सहा फुटांचं माप कितीतरी वेळ बघत बसले.

रूळ पुन्हा वर आला तो फिलूबायमुळे. फिलूबाय उत्तनची. बुधवारी मासळी घेऊन आमच्या सोसायटीत यायची. आमचं सरकतं फाटक जमिनीतल्या ज्या छोट्या रुळावरून फिरतं, तो मध्यावर दोन फूट झिजला होता. कमिटी सगळं फाटकच नवं करायला निघाली होती. काकांनी तेवढा दोन फुटांचा तुकडा बदलून घेतला. फिलूबाय टोपली खाली ठेवून ते बघत राहिली.

"ह्यो कुनी केला?"

मी वर बोट दाखवलं.

"आमच्याकडं बी हाय रूळ. होडी वर खेचायचा," ती म्हणाली. "एकाच जागी खाल्लाय. गाडा तितं येतो न् बसतो. सगले सांगतान आख्खा उखडा."

दुसऱ्या दिवशी काका उत्तनला गेले. फिलूबायच्या घरामागे किनाऱ्यावर उतार बांधलेला आहे, त्यावर दोन रूळ. पावसाळ्याआधी होड्या चाकांच्या गाड्यावर चढवून वर ओढतात आणि दुरुस्त करतात. उतार संपून सपाटी लागते तिथे गाड्याचा सगळा भार येतो, आणि नेमके तिथेच दोन्ही रूळ झिजले होते. गाडी वेगात जायचा प्रश्न नाही. सांध्यांची भीती नाही. संध्याकाळी जिना वाजला. तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत, दर चौथा गज.

टोप्या भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बनल्या. चार टोप्या, दोन बसवायला आणि दोन जादा. गाळेवाल्याने ड्रॉइंग फिरवून फिरवून पाहिलं. "चाचा, इसपे कौनसी ट्रेन चलाओगे?"

"ट्रेन नहीं बेटा, नाव चलायेगा," काका म्हणाले.

टोप्या बसल्या. उत्तनच्या चार तरुण खलाशांनी त्या बसवल्या, काका बाजूला उभे राहून नुसतं बोट दाखवत होते. होड्या वर आल्या, गाडा त्या जागेवरून अलगद गेला. फिलूबायने सुके बोंबील पाठवले. सगळ्यांनी वाहवा केली. काका म्हणाले, "बसवता कुणालाही येतं. काढता आली पाहिजे. होड्या खाली गेल्या की एकदा बदलून बघू, मग बोला." तोवर दर आठवड्याला ते उत्तनला जाऊन यायचे. कशाला, तर म्हणे बघायला.

पावसाळा सरला, होड्या समुद्रात गेल्या, आणि ठरलेल्या दिवशी काका, काकू आणि मी उत्तनला गेलो. दहा-बारा माणसं जमली होती. काकांनी पहिल्या चावीवर उलट बाजूने घाव घातला. चावी हलली नाही. दुसरा, तिसरा, दहावा. खाऱ्या पाण्याने गंज धरलेला दिसतच होता, पण चाव्या एवढ्या खोल कशा गेल्या ते कुणाला कळेना. दोघा खलाशांनी पहार लावून पाहिली. पाऊण तास गेला. काकांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला.

फिलूबाय खाली वाकून बघत होती. तिने साधेपणाने विचारलं, "काका, तुमी दर आठवड्याला येऊन ठोकत व्हता, त्याच ना ह्या?"

चार महिने दर आठवड्याला काकांनी येऊन प्रत्येक चावीला एकेक घाव घातला होता. त्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं. चावी दिसली की हात वर जायचा, जन्मभर तेच काम केलेला हात. काढता यावा म्हणून केलेला रूळ त्यांनी स्वतःच कायमचा आवळून टाकला होता.

ते उताराच्या कडेला बसले. म्हणाले, "फोटो काढ, वैशाली. चुकलेलाही ठेवायचा असतो." मग फिलूबायला म्हणाले, "रविवारी कटरवाला आणतो. कापून काढू आणि साधा रूळ टाकू."

काकू त्यांच्याजवळ आल्या. त्या म्हणाल्या, "अडकलेली चावी काढावी तर रावजीभाऊंनी, असं तुम्हीच सांगायचात."

"त्याला लोखंडाजवळ आणायचं नाही," काका म्हणाले आणि बसस्टॉपकडे चालू लागले, त्यांच्या त्या ठरलेल्या पावलांनी.

काकू माझ्याकडे वळल्या. "उद्या चेण्याला जाऊया," म्हणाल्या. "माझे गुडघे आता नवे आहेत."

रावजी पाटील मळ्यात पाटावर बसून वांगी तोडत होते. काळे, काटक, पांढऱ्या मिशा. पायात ती चप्पल. काकूंनी सगळं सांगितलं. रावजींनी विचारलं, "किती दीस ठोकली?"

"आठवड्याला एकदा. चार महिने."

रावजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ठोकनारच तो. त्याला सैल काय बघवतंय?" मग हसू ओसरलं. "मला का न्हाय सांगितलं?"

"हाकेमुळं," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत हा शब्द त्या दोन घरांमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

रावजींनी हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. "हाक लवकरच दिली त्यानं. मी कशाला खोटं बोलू? पर माजा पाय येकदाच गेला, वयनी. त्याचा दर महिन्याला जातो."

रविवारी काका कटरवाल्याची वाट बघत उतारावर उभे होते. रिक्षातून उतरले रावजी. काकांनी आधी त्यांच्या चपलेकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग माझ्याकडे. मी समुद्राकडे बघायला लागले. रावजी लंगडत आले, चाव्यांवरून अंगठा फिरवला आणि फिलूबायला विचारलं, "होडीच्या लाकडाला काय लावतावं?"

"मुशीचं त्याल."

"त्येच आन."

शार्क माशाचं ते तेल आलं. त्या वासाने मी चार पावलं मागे गेले. रावजींनी ते फटीफटीत सोडलं आणि बसून राहिले. काकांनी हातोडी उचलली तशी म्हणाले, "ठोकायचं न्हाय. बसायचं." आम्ही फिलूबायकडे भात आणि बांगड्याचं कालवण जेवलो, परत आलो, तरी रावजी तेल सोडतच होते. काका त्यांच्यापासून हातभर अंतरावर, हात मांडीखाली दाबून. दुपार कलल्यावर रावजींनी हातोडी मागितली. घाव घातलेच नाहीत त्यांनी. नुसत्या टिचक्या. एक आतून, एक बाहेरून, एक बाजूने. बऱ्याच वेळाने आवाज बदलला. मलासुद्धा कळला तो. काकांनी मान तिरकी केली होती. चावी सुटली, मग दुसरी, मग बाकीच्या.

आता टोपी उचलायची. दोन खलाशी पुढे आले. रावजींनी त्यांना हाताने बाजूला सारलं, स्वतः एका टोकाशी बसले आणि म्हणाले, "ये."

काका जागचे हलले नाहीत. मग गेले. दुसऱ्या टोकाशी वाकले, बोटं खाली घातली आणि रावजींच्या तोंडाकडे बघत थांबले. रावजी त्यांच्याकडे बघेनात. खाली लोखंडाकडे बघत म्हणाले, "हाक दे."

"दोघांत हाक लागत नाही, रावजी."

"मला लागते. पाय अधू हाय. अंदाज येत न्हाय."

काकूंनी माझं मनगट धरलं होतं, त्यांची नखं मला टोचत होती. काका काहीतरी म्हणाले. रावजी म्हणाले, "आयकू न्हाय आलं."

"हैशा," काका म्हणाले. टोपी उचलली गेली, बाजूला गेली, खाली ठेवली गेली. मग त्यांनी नवी उचलली. दोन म्हातारे ती घेऊन एकेक पाऊल टाकत आले आणि रुळाच्या मानेवर धरून उभे राहिले. रावजींचा डावा पाय त्या चपलेसकट लोखंडाच्या अगदी खाली होता. चुकून होता की मुद्दाम, मी आजही सांगू शकत नाही.

"पाय," काका म्हणाले.

रावजींनी पाय मागे घेतला. "घेतला."

काका तरीही थांबले. त्यांनी वाकून स्वतः पाहिलं.

"टेकव."

टोपी बसल्याचा आवाज झाला, जाड आणि स्वच्छ. फिलूबायने कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या बाजूची टोपी त्या दोघांनी तशीच बदलली, आणि त्या वेळी हाक आम्हाला फिलूबायच्या घराच्या कट्ट्यावरही ऐकू आली. त्यानंतर फिलूबायकडे दोनदा टोप्या बदलल्या गेल्या, दोन्ही वेळा दोनच माणसांनी, आणि तेलाची बाटली आता तिथेच टांगलेली असते. काका पुढेही वर्षभर आमचा जिना वाजवत होते. शेवटच्या आजारपणात मी त्यांना रोज भेटत होते. पण त्यांची आठवण आली की मला ते आजारपण दिसत नाही. मला त्या संध्याकाळचे काका दिसतात.

काकू आणि मी रिक्षा बघायला रस्त्यावर आलो होतो. मी मागे वळून पाहिलं. ते दोघं उतारावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. नव्या चाव्या ठोकून झाल्या होत्या, एकेकच घाव. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हातोडी पुन्हा उचलली. रावजींनी हात पुढे केला. काकांनी हातोडी त्यांच्या हातात दिली. रावजींनी ती आपल्या मांडीखाली ठेवली, वर बसले, आणि डावा पाय लांब करून काकांच्या पुढ्यात ठेवला. काकांनी चप्पल काढून घेतली, भराव दाबून पाहिला आणि परत पायात घातली. बदलायची गरज नव्हती बहुतेक.